सहा बटाटे, बारा डब्या

आमच्या खोलीवर पत्रा होता आणि पत्र्याखाली आम्ही पाच जण: आई, बाबा, दोन भाऊ आणि मी. धुळ्याकडून सुरतेला आल्यावर बाबांनी जुन्या बाजारातून एक टेबलफॅन घेतला. त्याचं पातं फिरायचं, मान फिरायची नाही. मे महिन्यात दुपारी दांडीवरचा टॉवेल पापडासारखा कडक व्हायचा. आमचं काय होत असेल ते टॉवेलवरून समजून घ्या.

बाबा कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, रात्रपाळी करून दुपारी झोपायचे. त्यांनीच युक्ती काढली. कारखान्यातलं वाया गेलेलं सूत आणून पंख्याच्या मानेला पाच दोऱ्या बांधल्या आणि प्रत्येकाला एकेक टोक दिलं. ज्याला उकडेल त्याने ओढायचं. स्वतःची दोरी ते पायाच्या अंगठ्याला बांधून झोपत. त्यांनी कूस बदलली की पंखा भिंतीला वारा घालत बसायचा आणि आम्ही तिघं भावंडं तीन दिशांनी ओढायचो. एकदा पंखाच त्यांच्या अंगावर पडला. बाबा उठले नाहीत. फक्त म्हणाले, "आता बरा लागतोय."

आईची दोरी मात्र खिळ्याला गुंडाळलेलीच असायची. विचारलं की अहिराणीत एकच उत्तर, "माले बरं शे." म्हणजे मला ठीक आहे.

त्याच पत्र्याखाली अभ्यास करून मी इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेतली. आईचं माहेर-सासर, मामा-काका सगळे धरून आमच्यात पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

नोकरी लागली तीही वाऱ्याचीच. आमची कंपनी पांढऱ्या डब्या बनवायची. डबी टेबलावर ठेवायची, ती तिथली उष्णता मोजते. तिच्यावर तीन बटणं: लाल म्हणजे उकडतंय, निळं म्हणजे गारठा, हिरवं म्हणजे ठीक. त्यावरून प्रत्येक टेबलाच्या वर असलेली एसीची झडप आपोआप कमी-जास्त उघडते. साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "एक हॉल नीट चालवून दाखव, कायम करतो. नाहीतर दुसरीकडे बघ."

हॉल आईनेच मिळवून दिला. सुरतेतच पर्वत पाटियाजवळ एका शेठकडे ती साड्यांना लेस लावायची. बारा टेबलं, बारा बाया, बहुतेक आमच्याच खानदेशातल्या. मी बारा डब्या लावल्या, बटणं समजावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आई सगळ्यांत जास्त.

आठवड्याने साहेबांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"रोज सकाळी नऊला या हॉलमध्ये चाळीस डिग्री. आणि बाराही जणी हिरवं बटण दाबतायत. बेन, ही माणसं आहेत की तव्यावर भाजलेले खाखरे?"

दुसऱ्या दिवशी मी नऊच्या आधीच हॉलवर गेले. बाया स्वेटर घालून बसलेल्या. एकीने मफलरही बांधलेला, सुरतेत, एप्रिलमध्ये. आणि प्रत्येक डबीपुढे अर्धा बटाटा, बटाट्यात पेटलेली उदबत्ती, डबीला हळदीकुंकू. उदबत्तीची धग डबीला लागत होती, डबीला वाटायचं बाईला उकडतंय, आणि वरून बर्फासारखा वारा सुटायचा.

"हे कुणी केलं?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने बटाट्याकडे.

"तुना बाबा उदबत्ती लायाशिवाय लूम चालू करतस का?" आई म्हणाली. "मशीन नवं शे. तुनी नोकरी शे त्यानावर. मी रोज सहा बटाटा कापस."

"अगं, पण तू कुडकुडतेयस. निळं बटण का नाही दाबलंस?"

"माले बरं शे," आई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

मफलरवाली मावशी म्हणाली, "पोरी, शेठ एवढा वारा देतो, गार लागतं असं त्याला कसं म्हणायचं? बरं दिसतं का?"

उदबत्त्या मी दारातल्या देवापाशी हलवल्या. बटाटे आईने घरी नेले; दोन दिवस तीच भाजी होती आणि तिला उदबत्तीचा वास येत होता. पण हिरवं बटण काही सुटेना. मग आठवलं, आईने स्वतःची दोरी कधी ओढली नव्हती, पण बाबांना घाम आला की त्यांची दोरी तीच ओढायची.

सोमवारी मी बायांना नवा नियम सांगितला. "स्वतःचं सांगायचं नाही. शेजारणीच्या टेबलावरची डबी तुमची. तिला कसं वाटतंय ते तुम्ही दाबायचं."

झालं. हॉलमध्ये बटणांचा पाऊस पडला.

"हिला उकडतंय, बघ कशी लाल झालीय."

"मी रागाने लाल झालेय. निळं दाब."

"हिला गारठा, हिच्या सासूसारखा." असं म्हणणाऱ्या मावशीने निळं इतक्या जोरात दाबलं की बटण आत गेलं.

आईच्या डबीची बटणं मफलरवाल्या मावशीकडे होती. आई काही बोलायच्या आत मावशी बटण दाबायची. आई म्हणायची, "माले बरं शे," आणि मावशी म्हणायची, "तू गप. तुला विचारलंय कुणी?"

पंधरा दिवसांत स्वेटर घरी गेले. साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं, नियम विचारला, हसले, आणि दुसऱ्या हॉलमध्येही तोच लावायला सांगितला.

महिन्याच्या शेवटी मी कायम झाले. आणि आईच्या टेबलावर आईला हवा तेवढाच वारा येतो.