बाकावरचा अर्धा तास

आजवर कुणालाच, बायकोलाही, न सांगितलेली एक गोष्ट इथे लिहितो आहे. ती मामाजींची आहे, त्यामुळे आधी मामाजी सांगावे लागतील. कामरगावात सुईला न भिणारा माणूस एकच झाला आणि तो म्हणजे आमचे मामाजी. आईचे मानलेले भाऊ, शाळेतले शिपाई. शाळेत लस टोचणारे आले की पोरं खिडक्यांतून पळायची. मग मामाजी घंटा द्यायचे, सगळ्यांसमोर खुर्चीवर बसायचे आणि म्हणायचे, "पहिले मले." नर्सबाई सांगायच्या की ही लस लहान मुलांची आहे. तेव्हा मामाजी नुसती रिकामी सुई दंडाला लावून घ्यायचे आणि पोरांकडे पाहून हसायचे.

हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं की त्यांनी शिंप्याकडून सदऱ्याची डावी बाही उसवून तिला तीन गुंड्या लावून घेतल्या. दंड उघडायला वेळ नको. सुई झाल्यावर कापसाचा बोळा अत्तराच्या फायासारखा कानात खोचायचे आणि सरकारी दवाखान्यासमोर कडुनिंबाखालच्या बाकावर बरोबर अर्धा तास बसायचे, गावाला दिसावं म्हणून. येणारा-जाणारा विचारायचा, "मामा, हायेत का जित्ते?"

"हावो. अजून वीस मिनिटं हायेत, थांब."

अर्धा तास सरला की लोक आपापल्या बाह्या वर करायचे. करोनाच्या लशीला सुरुवातीला कुणी फिरकलं नाही, तेव्हा मामाजी बाकावर बसले आणि दुपारपर्यंत रांग लागली. एकदा तर ते जनावरांच्या शिबिरात जाऊन उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "मामा, हे बैलाचं हाय." मामाजी म्हणाले, "माहीत हाय ना जी. तुमी टोचा, मी बैलापाशी उभा राह्यतो. त्याले धीर येते."

मी मोठ्या शहरात, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, आरोग्य विभागाचा कारकून. साठीच्या पुढच्यांना दर वर्षी फ्लूची सुई फुकट द्यायची असं आमच्याकडे ठरलं, आणि ती बातमी कामरगावात मामाजींनी चष्मा पुसून पुसून वाचली. आठ दिवसांत तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन ते ऑफिसच्या दारात हजर. खोकत होते. थंडीत त्यांची छाती नेहमीच धरायची.

"बाबू, तुमच्या इथं सुई फुकट देऊन राह्यले, आपल्या गावाले काहून नाही?"

"तिकडं योजना नाही, मामाजी."

"कोणी मांगतच नाही, तं देतीन कायले? मी इथं घेतो, गावात जाऊन बाकावर बसतो. लोक मांगतीन. मंग पाहू कसे देत नाहीत."

सुई शहरात राहणाऱ्यांसाठीच होती. पत्त्याचा पुरावा नसला तर घरमालकाने लिहून द्यायचं, की हे सहा महिन्यांपासून माझ्या घरी राहतात. खाली सही. तो कागद माझ्याच टेबलावरून जायचा. मी ड्रॉवरमधून एक काढला, मामाजींचं नाव लिहिलं, वय लिहिलं. आणि थांबलो.

आठच दिवसांपूर्वी असाच कागद मी आईसाठी भरला होता. आई गावाहून येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. सही खोटीच होती, पण तेव्हा हात अडला नव्हता. शेजारच्या टेबलावरचा कारकून मात्र हसून म्हणाला होता, "आता सारं गाव आणता का साहेब?" ते डोक्यात होतं. शिवाय मामाजी म्हणजे बाकावर बसून साऱ्या गावाला सांगणारा माणूस. बाबूनं सही देल्ली, हे ते अभिमानाने सांगणार आणि पुढच्या गाडीने दहा जण उतरणार.

मी कागद ड्रॉवरमध्ये सारला. "नियमात बसत नाही, मामाजी."

त्यांनी बाहीच्या दोन गुंड्या आधीच काढल्या होत्या. त्या सावकाश लावल्या. "नियम हाय तं हाय. तुया नोकरीले कायले घोर लावा." खाली लसीकरणाच्या खोलीबाहेर बाक होता. तिथे ते अर्धा तास बसले. सुई घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना विचारत होते, "कसं वाटून राह्यलं जी? गरगरत तं नाही?" मी जिन्यावरून पाहत होतो. संध्याकाळच्या गाडीने ते गेले.

त्याच थंडीत त्यांना फ्लू झाला, तो छातीत उतरला. वाशीमच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. सुईने वाचले असते का, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही. उत्तराची भीती वाटते.

तेरवीला गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "तुयंच नाव घेत होते. म्हणे, आपला बाबू नियमाचा लय पक्का हाय." आई माझ्या शेजारीच बसली होती. मी मान खाली घालून जेवलो.

यंदा पहिल्यांदाच गावच्या दवाखान्यात फ्लूच्या थोड्या सुया आल्या, असं ऐकतो. दोन दिवस बाक रिकामा होता आणि सुया तशाच परत गेल्या.

तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. नाव आहे, वय आहे, खालची जागा कोरी आहे. ती एक सही मी मामाजींना देणं लागतो आणि मामींना खरं काय ते सांगणंही. दोन्ही देणी अजून फेडलेली नाहीत.