यव्होनचा वरचा ओठ

१४ मार्च २०२३, मंगळवार. त्या दिवशी बर्नडेट ऑरमरॉड आणि लॉर्ना हॉवर्थ यांनी मिळून नव्या खात्यात अकरा हजार सहाशे चाळीस पौंड भरले आणि रॉटनस्टॉल गावात माझ्या ऑफिसच्या वरची खोली भाड्याने घेतली. दोघी नर्स. ओठ भरणे, सुरकुत्या घालवणे, अशी इंजेक्शनं देण्याचा त्यांचा धंदा. कागदपत्रं मी केली, म्हणून आकडा लक्षात आहे.

लॉर्नाकडे औषध लिहून देण्याचा परवाना होता, आणि आठवड्यातले तीन दिवस ती अजून हॉस्पिटलात जायची. बर्नडेटने मात्र नोकरी सोडली होती. वय चौपन्न, त्यातली एकोणतीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेलेली. माणसं उचलून उचलून पाठ कामातून गेली होती. वॉर्डात तिची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: तिची सुई दुखत नाही. शीर सापडत नसली की म्हातारेकोतारे म्हणायचे, "बर्नीला बोलवा." माझ्या बायकोच्या आजारपणात मीही तेच म्हटलं आहे.

वर खोली थाटली तशी ती पहिल्या दिवसापासून घाबरलेली होती. गिऱ्हाईक गेलं की खाली येऊन माझ्या खुर्चीत बसायची.

"क्लाइव्ह, वॉर्डात भिंतीवरचं बटण दाबलं की आठ माणसं धावत यायची. इथे दाबलं तर काय होतं माहितीये?"

"काय?"

"दिवा लागतो."

शुक्रवारी, २१ एप्रिलला, यव्होन टॅटरसॉल आली. ती बाजारात चीजचा गाळा चालवते. तीस वर्षं सिगारेट ओढून वरच्या ओठावर उभ्या रेघा पडल्या होत्या, त्या तिला भरून हव्या होत्या. सुईला ती फार भिते हे कळताच बर्नडेटने तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली होती. दुखू नये म्हणून आधी हिरडीत बधिर करणारं इंजेक्शन दिलं, दातांचे डॉक्टर देतात तसं. मग ओठात भराव घातला. ओठाचा एक कोपरा पांढरा पडला. बधिर करणाऱ्या औषधानेही तसं होतं, हे तिला ठाऊक होतं. हेही त्यामुळेच असेल, असं तिने धरलं. संध्याकाळी यव्होनला निरोप पाठवला: "सूज येईल, निळसर डाग पडेल, घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी आणि बर्नडेट चीजच्या रांगेत उभे होतो. यव्होनने नाकापर्यंत मफलर गुंडाळला होता.

"काय गं, बँक लुटायला निघालीस?" मी म्हटलं.

"गप्प बस, क्लाइव्ह. तुला काय, लँकशायर की चेडर?"

"यव्होन," बर्नडेट म्हणाली, "मफलर काढ."

"अगं, गिऱ्हाइकं आहेत. तूच लिहिलंस ना, निळं पडेल म्हणून?"

"काढ म्हणते ना!"

यव्होनने मफलर खाली केला. वरच्या ओठापासून नाकपुडीपर्यंत जांभळं जाळं उमटलं होतं, कोळ्याने विणल्यासारखं. बर्नडेटने अंगठ्याने ते दाबलं, सोडलं आणि ओठ हलवत मोजायला लागली. दाबलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. तिने सहा मोजले. तिच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता.

"वर चल. आत्ता."

"आणि गाळा?"

"मरू दे गाळा."

भराव रक्तवाहिनीत गेला होता. तो विरघळला नाही तर ओठाचा तेवढा भाग काळा पडून मरतो. जिन्यात बर्नडेटने मला एवढंच सांगितलं.

लॉर्नाला फोन लावला. ती ड्यूटीवर होती. तिने फोनच्या कॅमेऱ्यात ओठ पाहिला. मग म्हणाली, "विरघळवायचं औषध दे. असेल तेवढं दे. तासाने पुन्हा. मी माझ्या जागी कुणाला तरी उभं करून निघते."

"फ्रिजमध्ये दोनच कुप्या आहेत गं."

"मग आण कुठून तरी!"

"मधमाशी चावून कधी अंगावर उठलंय?" बर्नडेटने यव्होनला विचारलं. ज्यांना तसं होतं त्यांना ते औषध बाधू शकतं.

"मला मधमाश्या चावत नाहीत. भितात."

औषध कुठे मिळेल ते मला विचारावं लागलं. बर्नडेटने मान खाली घालून सांगितलं, "बर्नलीला. थेल्माकडे."

थेल्मा एंटविसल तिची जुनी वॉर्डप्रमुख. तिने आधीच असा धंदा काढला होता, आणि 'ओठांचा कारखाना' म्हणून या दोघी तिची टिंगल करायच्या. बर्नडेटने तिला फोन केला आणि मी वीस मिनिटांत तिथे पोहोचलो.

"लागला का कारखान्याचा माल शेवटी?" थेल्मा दारातच म्हणाली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "किती सेकंद?"

"सहा."

तिने बर्फाच्या डब्यात पाच कुप्या घातल्या. "ॲस्पिरिन द्यायला सांग. गरम फडकं ठेव म्हणावं, आणि चोळत राहा. माझ्याकडेही एकदा झालं होतं असं. मी कुणाला सांगितलं नाही."

परत आलो तोवर लॉर्ना हॉस्पिटलच्या कपड्यांतच पोहोचली होती. दर तासाला सुई, चोळणं, दाबणं, मोजणं. पाच. पुन्हा पाच. मला खाली जाता आलं असतं, गेलो नाही. तीन वाजता चार झाले. साडेचारला बर्नडेटने दाबलं, सोडलं, आणि 'दोन' म्हणायच्या आत ओठ गुलाबी झाला. तिने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबून पाहिलं, तशी यव्होन ओरडली, "अगं, दुखतंय!"

बर्नडेट खाली बसली. मग तिने सगळं सांगितलं. रक्तवाहिनीत भराव गेला की माणूस कळवळतो; तीच खूण असते. तिने आधीच ओठ बधिर केला होता. विमा कंपनीला आजच कळवते, असंही ती म्हणाली. यव्होनने तक्रार केली तर नर्स म्हणून तिची नोंदणी जाऊ शकते, हेही तिनेच सांगितलं.

"म्हणजे काल मी ओरडायला हवं होतं?" यव्होनने विचारलं.

"हो."

"मग ओरडू का दिलं नाहीस?"

यव्होनने मफलर उचलला. "तक्रार नाही करत. पण पैसे परत दे. आणि पुढच्या बाईला ओरडू दे."

ओठाच्या कडेला मसुराएवढी खपली धरली होती, ती तीन आठवड्यांत गेली. पैसे सोमवारी परत केले. आता बर्नडेट इंजेक्शनऐवजी नुसतं बधिर करणारं मलम लावते आणि प्रत्येकीला बजावते, दुखलं तर ओरडा. वरून ओरडणं ऐकू आलं की मी पेन खाली ठेवतो आणि तिच्या मोजण्याची वाट बघतो. खाली आल्यावर तिचा चेहरा अजून पांढराच असतो.

थेल्माच्या पाच कुप्यांपैकी चार नव्या आणून परत दिल्या. एक अजून द्यायची आहे.