सोमीची आई आणि आमचं शिबिर

डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. सोमीला झोपेच्या गोळ्या सुरू, बाळाला अंगावर पाजणं बंद. बाळ होतं चार महिन्यांचं.

कपाशी बुडायची, शेतकरी जीव द्यायचे, ती वर्षं. गावोगाव मनाच्या आजाराची शिबिरं लागायची. आमचं कळंबकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर होतं. मी नवीकोरी नर्स. साडीला कडक इस्त्री, डोळ्यांवर बिननंबरचा चष्मा, हुशार दिसावं म्हणून. तो फोटो पाहून आता माझ्या मुली हसतात, मीही हसते. भ्रमाची केस कधी सापडते, म्हणून मी टपूनच होते.

सोमीनं ती आयतीच दिली. पोरगी जन्मली आणि रडायची थांबेना. घरातली म्हातारी मेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेत गेली. सोमीच्या आईचं नाव आलं आणि पोरगी गप झाली. म्हणजे आईच परत आली. तिला जुनं सगळं आठवतं, झऱ्यावर नेलं की हसते, असं सोमी सहज सांगत होती. डॉक्टरांनी लिहिलं, 'भ्रम'.

सोमी म्हणाली, "सिस्टर, ही माही माय हाय. इले उपाशी कशी ठेवू?"

मी वरच्या दुधाचं समजावू लागले. पोडावर दुभतं जनावरच नव्हतं, ते माझ्या चष्म्याला दिसलं नाही. सोमी ऐकत होती आणि पाजत होती.

तेवढ्यात डॉक्टर उठले. पितृपक्ष होता, त्यांच्या वडिलांची तिथी. वडील पानाला शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, म्हणाले.

"वडील?"

"म्हणजे कावळा हो, सिस्टर."

संतापले की माझी वऱ्हाडी बाहेर पडते. "सर, तुमचे बाबा कावळा होऊन येतेत, त तुमाले हाफ डे. तिची माय पोटी आली, त तिले गोळी काहून?"

"ते वेगळं आहे."

"कसं?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग मीच सोमीला विचारलं. झोप लागते? लागते. जेवण जातं? जातं. कामाला जातेस? रोज. यातलं एकही आम्ही आधी विचारलं नव्हतं! डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पुढल्या आठवड्यात मला मेमो आला, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. अजून आठवलं की डोकं तापतं.

माणसाला वेडं ठरवण्याआधी त्याला झोप लागते का, एवढं विचारावं. त्याचे पूर्वज कुठं उतरतात, ते आपल्या खात्याचं काम नाही.