आवणाच्या रंगाची अँबॅसेडर

भिवंडीत गाडी रंगवायची तर ती शुक्रवारीच रंगवावी लागते. मी खऱ्या गाडीचं म्हणत नाही. तिला काय, गॅरेजवाला कधीही रंगवतो आणि वर रुई चिकटली तरी "पॉलिश में निकल जायेगा" म्हणून मोकळा होतो. माझी गाडी वीतभर लांब आणि प्लास्टिकची. तिच्या ओल्या बॉनेटवर कापसाचा एक तंतू बसला तर दोरखंड पडल्यासारखा दिसतो. आणि आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत सगळे कापडाचे माग. शुक्रवार सोडला तर खटखट चालूच आणि हवेत रुई. चहात रुई, चष्म्यावर रुई, देवाच्या डोक्यावर रुई. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, तेवढीच हवा स्वच्छ.

पण माग बंद असतात म्हणून वीजवालेही दुरुस्तीला शुक्रवारचाच मुहूर्त काढतात. लाइट गेली की माझा रंग उडवायचा कॉम्प्रेसर मुका. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत! शेवटी मी टेम्पोची एक जुनी स्टेपनी मिळवली. गुरुवारी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून तिच्यात गच्च हवा भरून घ्यायची, दोन जिने चढवून घरी आणायची आणि तिच्या व्हॉल्व्हला नळी जोडून रंग उडवायचा. पंक्चरवाल्यानं पहिल्यांदा विचारलं, "गाडी किधर खडी है?" मी दोन्ही हातांनी माप दाखवलं, "घर पे है. इतनी सी." त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाई, तबियत तो ठीक है ना?"

बायकोचाही प्रश्न तोच होता, फक्त मराठीत. हॉलमध्ये सोफ्याशेजारी टायर बघून ती म्हणाली, "लग्नाआधी सांगितलं असतंत तर मी माहेरून रुखवतात जॅक आणला असता."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आम्ही मूळचे अंजूरकडचे आगरी. जिथं आमचं भात पिकायचं तिथं आता गोदामं आहेत, आणि त्यातल्याच एका गोदामात मी सुपरवायझर आहे. बापाच्या शेतावर पगारी नोकर म्हणा. बाबांकडे एक अँबॅसेडर होती. सेकंडहँड घेतलेली, पण गावातली पहिली चारचाकी. गावची प्रत्येक नवरी त्या गाडीतून सासरी गेली. पाठवणीला बाबांची गाडी आणि चालवायला स्वतः बाबा, हा रिवाजच पडला होता. भाडं घ्यायचे नाहीत. नारळ आणि टॉवेल-टोपी, बास. नवरी मागं बसून रडायला लागली की हा माणूस सरळ रस्ता सोडून खाडीच्या बाजूनं वळसा घालायचा, तिचं रडून होईपर्यंत. वऱ्हाडाची बस पुढं पोचून खोळंबायची, नवरदेवाची आई चिडायची, पण बाबा ढिम्म. "पोरीचं डोलं सुकल्याबिगर मी सासरच्या दारात गाडी लावनार न्हाय." माझ्या बहिणीच्या वेळी तर त्यांनी दोन वळसे घातले. दुसरा स्वतःसाठी होता, असं आई म्हणते.

खाडीच्या खाऱ्या हवेनं त्या गाडीचा तळ खाल्ला. दुरुस्त करून करून बाबांचे हात टेकले आणि भंगारवाला तिला टेम्पोत घालून घेऊन गेला.  मग त्यांना काचबिंदू निघाला. ठाण्याच्या डॉक्टरनं आम्हाला समोर बसवून सांगितलं, "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली सांभाळायची, थेंब चुकवायचे नाहीत." बाबा मान डोलावत होते, जसं काही दुसऱ्याच कोणाच्या डोळ्यांबद्दल चाललंय. घरी आल्यावर ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. माझ्या छंदाला त्यांनी आजवर 'प्लास्टिकची भातुकली' म्हटलं होतं. त्या दिवशी म्हणाले, "बाला, परदेशच्या गाड्या करतंस, आपली कर की एकदा. मना दिसतंय तवर."

मना दिसतंय तवर. मी "करतो" म्हणालो आणि त्याच रात्री मोबाईलवर शोधायला बसलो.

तर अँबॅसेडरचं प्लास्टिक किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा बॉक्स, मला काही मिळेना. मिळालं ते तिच्या विलायती मावशीचं, म्हणजे जिच्यावरून ती बेतली त्या गाडीचं, अंगानं तशीच, तोंडानं वेगळी. मागवलं. आता गंमत बघा. अख्ख्या देशाचा माल भिवंडीतून जातो. माझं पार्सल मोबाईलवर 'भिवंडीत पोचलं' दाखवत होतं, आमच्या गोदामापासून चार गाळे सोडून. मी चालत गेलो. तिथला माणूस म्हणाला, "असं हातात देता येत नाही साहेब, सिस्टीमनं येईल." सिस्टीमनं ते पुण्याला गेलं, तिकडून परत भिवंडीत आलं आणि मग माझ्या दारात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इकडे बाबांचे थेंब चालू, आणि हा बॉक्स प्रवास करतोय. मी त्या डिलिव्हरीवाल्यावर खेकसलो, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मग कापाकापी सुरू झाली. मावशीचं नाक करवतीनं कापलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. पुढची जाळी कशाची करावी सुचेना. शेवटी मागाच्या जुन्या फणीचा तुकडा मागून आणला. सूत ज्यातून ओवतात ती फणी, लोखंडाच्या बारीक काड्यांची. तो तुकडा आडवा बसवला आणि गाडीला तोंड फुटलं. चाकांच्या टोप्यांना ब्लाउजची टिचबटणं लावली. ती बायकोच्या डब्यातून न विचारता घेतली, त्यावरून जे व्हायचं ते झालं.

बाबा समोर खुर्ची टाकून बसायचे आणि हुकूम सोडायचे. आरसा एकच, तोही उजवीकडे. "मागली सीट डावीकडं दबलेली कर. नवरी डावीकडंच बसते, आन् तिच्या शेजारी तिची करवली." मी चमचा गरम करून सीट डावीकडे दाबली. ते हातात घेऊन खिडकीपाशी जायचे, नाकाशी धरायचे, मान तिरपी करून बघायचे. मला बरं वाटायचं. वाटायचं, जमतंय, डोळ्यांच्या आधी गाडी पोचते बहुतेक.

घोडं अडलं रंगावर. लग्नांचे अल्बम काढले तर प्रत्येक फोटोत गाडी झेंडूच्या माळांत बुडालेली, आणि जेवढी दिसते तेवढी एकात पांढरट, एकात निळसर, व्हिडिओवाल्याच्या दिव्यात तर चक्क पिवळी. आई छातीठोकपणे म्हणाली, "दुधी होती. साधी दुधी." बाबा उसळले. "दुधी? तुझ्या आईची दुधी! आवनाचा रंग व्हता." आवण म्हणजे भाताची रोपं. राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, नुकतं वर आलेलं, वाऱ्यानं लवणारं, पिवळ्या-हिरव्याच्या मधलं काहीतरी. आईनं तोंड वाकडं केलं. "चाळीस वर्षं हेच भांडण हाय. मी त्या गाडीतनंच या घरात आले, मला म्हाईत न्हाय व्हय?"

मी आइसक्रीमचे प्लास्टिकचे चमचे आणले आणि एकेका चमच्यावर एकेक रंग लावून बाबांपुढे धरू लागलो. "न्हाय. यो पिवला मारतंय." पुढच्या वेळी, "न्हाय, यो पोपट झाला." मग, "न्हाय बाला." चमचे बरणीत साठत गेले. त्यात शुक्रवारची मारामारी. रंग उडवायचा तो शुक्रवारी, आणि ठाण्याच्या डॉक्टरचा काचबिंदूचा वारही नेमका शुक्रवारच. एका शुक्रवारी डोळे, दुसऱ्या शुक्रवारी गाडी. डोळ्यांच्या शुक्रवारी मी रांगेत बसून रंगाचा विचार करायचो आणि रंगाच्या शुक्रवारी डोळ्यांचा. कुठंच पुरा पडत नव्हतो. डॉक्टर दर वेळी नजरेच्या तपासणीचा काळा नकाशा दाखवायचे, मधली दिसणारी पांढरी जागा आक्रसलेली. मी विचारायचो, "काही करता येईल?" ते म्हणायचे, "करतोय तेच करायचं." मला त्यांची कॉलर धरावीशी वाटायची. पण ते खरंच बोलत होते, मग कॉलर कोणाची धरणार?

पावसाळ्यात म्हटलं, आता बस झालं, खरं आवणच बघून येतो. अंजूरला राब राहिलाय कुठं? स्कूटर काढली आणि वाड्याच्या रस्त्यानं, खड्डे मोजायचं सोडून देत, अंबाडीच्या पुढं गेलो. एका शेतात बायका रोपं उपटत होत्या. मी बांधावर बसून रंगाच्या बाटल्या मांडल्या. त्यातली एक म्हातारी बाई वाकलेली सरळ झाली. "काय रं दादा, औषद मारतोस का?" म्हटलं, "नाही, रंग जुळवतोय. गाडीला आवणाचा रंग द्यायचाय." तिनं बाकीच्यांना हाक मारली. सगळ्या कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "गाडीला आवनाचा रंग! मंग भात बी धरंल तिला." मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. दोन थेंब पिवळा, एक थेंब हिरवा, किंचित पांढरा, असं करत चमचा रोपांत खोचला तर दिसेनासा झाला. बाईनं चिखलासकट मूठभर आवण दिलं. "भिजीव घरी गेल्यावर, न्हायतर मान टाकंल."

घरी पळतच आलो. बाबांच्या हातात आवण दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, मुळांवरून बोटं फिरवली आणि त्यांचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, झालं काम. "हां! यो आवन." मी चमचा पुढं केला. त्यांनी तो धरला, तिरपी मान केली आणि म्हणाले, "न्हाय. यो न्हाय."

माझं डोकं फिरलं. "बाबा, दोन्ही एकच रंग आहे! शेतात बसून जुळवलाय! नाही म्हणायचंच ठरवलंय का तुम्ही? कोणासाठी मरमर मरतोय मी?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.  बाबांच्या हातात आवण तसंच, पायजम्यावर चिखलाचं पाणी ठिबकतंय. आईनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी गॅलरीत निघून गेलो.

पुढच्या शुक्रवारी मी कोणाला न विचारता बसलो. तोच आवणाचा रंग द्यायचा, मग म्हातारा काही म्हणो. आधी प्रायमर मारला. रंग धरावा म्हणून खाली देतात तो राखाडी थर, सिमेंटच्या भिंतीसारखा निस्तेज. गाडी वाळायला ठेवली. आवणाच्या रंगाची बाटली हलवत होतो, अजून उघडलीही नव्हती. बाबा भिंतीला हात लावत आले. फुसफुस त्यांनी ऐकली असणार, थिनरचा वास तर घरभर होता. "दिलास रंग?" त्यांनी विचारलं आणि मी काही म्हणायच्या आत हात पुढं केला. प्रायमर वाळला होता. मी गाडी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती खिडकीपाशी नेली. नाकाशी धरली, मान तिरपी केली, नेहमीसारखीच. बराच वेळ.

"हाच," ते म्हणाले. "हाच रंग, बाला. जमला तुला. काय चकाकते बघ."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. गाडी राखाडी होती. तिच्यात चकाकी नावाला नव्हती. ते सगळे चमचे, पिवळा मारतंय, पोपट झाला. न्हाय म्हणायला दिसावं लागत नाही, चुकीचं 'हो' म्हटलं की माणूस पकडला जातो. किती दिवसांपासून ते न बघताच बघत होते, देव जाणे. आणि त्या दिवशी मी ओरडलो होतो म्हणून, मला सोडवावं म्हणून, आज त्यांनी 'हो' म्हटलं होतं. मी बाटली न उघडताच खाली ठेवली. शेजारी स्टेपनीतून हवा सुटत होती, ती बंद करायचं राहूनच गेलं.

आई दारात उभी होती. तिला गाडी स्वच्छ दिसत होती. बाबा तिच्या बांगड्यांच्या आवाजानं तिच्याकडे वळले. "बघ गो, दुधी म्हनत व्हतीस नं? बघ आता."

आईनं पदर तोंडाला लावला. मग काढला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुमचंच खरं. आवनाचाच हाय. मीच चुकीचं धरून बसले व्हते."

बाबा खूश झाले. इतके खूश मी त्यांना त्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून पाहिले नव्हते. गाडी त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "आता कपाटात नको कोंबू तिला," ते म्हणाले. "हितं ठेव माझ्यासमोर, मना दिसंल अशी."

मी ठेवली.