बरणीतल्या पाण्याची पातळी

कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारी, कोकण किनाऱ्यावरून दगड गोळा करून आलेली माझी भाची मंगळवारी थैली आमच्या नेरडीगोंड्याच्या घरी ठेवून नार्नूरला आईबापांकडे गेली. मी लगेच माझ्या नेहमीच्या यादीत लिहिलं : दगड सात, भाचीचे, हात लावू नये. पण त्याच दिवशीच्या कामांच्या यादीत 'कैऱ्या मीठ-हळदीत दाबणे' होतं आणि दाबायला जड काही सापडेना. सातांतला एक चपटा दगड बरणीच्या तोंडातून बरोबर जात होता. स्वच्छ धुतला, ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी भाची आली. थैलीत सहाच.

"मावशे, चपटा कुठं हाय? सोमवारी सरायले दाखवाचा हाय. सगळ्यात उंचावरचा तोच होता!"

मी बरणी पुढे केली. दगड पिवळा, खालून वाळू सुटलेली. तिनं कपाळाला हात लावला.

"अवं, ही समुद्राकाठची वाळू हाय, चुन्यानं चिकटलेली. आता हा दगड लाटांपासून कमरेइतका वर भेटते, म्हंजे हा बनला तवा पाणी तिथवर होतं. अन् तू चुन्याले आंबटात टाकलं!"

"धुऊन टाकला होता," मी म्हटलं.

ती दगड फिरवत बसली. त्यावर हळदीच्या दोन रेघा होत्या.

"पाणी पयले इथवर चढलं, मंग बोटभर उतरलं. काऊन?"

"कोणी फोडी खाल्ल्या असतील."

"फोडी काढल्या तं दगडबी संगच खाली गेला असता. पाणीच कोणी पेलं."

दारातून आमचे हे हळूच घरालगतच्या आपल्या दुकानाकडे वळले.

"मावसाजी!"

"ऊन लागलं का बरं असते पोरी ते," हे तिथूनच म्हणाले. "वाटीभरच पेलो."

मी दोन दिवस घरात असून मला पत्ता नव्हता. दगडानं सांगितलं.

वरच्या रेघेच्या वरचा भाग मात्र कोरडा राहिला होता, तिनं घातलेल्या नंबरासकट. ह्यांनीच शिक्षा म्हणून लोखंड कापायच्या करवतीनं तेवढा कापून दिला. सोमवारी सरांनी तो ठेवून घेतला. एवढंच विचारलं, कडेला लागलेला पिवळा रंग कोणत्या काळातला?

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. सोबतच्या चिठ्ठीत मी लिहून दिलं होतं : मंगळवार दुपार ते गुरुवार संध्याकाळ.