साडूंचं ग्राइंडर

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि अशा माणसाने निवृत्तीनंतर घरी काय आणून ठेवावं, तर सरफेस ग्राइंडर. ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही ते सुखी आहेत. चुंबकाच्या पाटावर लोखंडाचा तुकडा चिकटवायचा आणि वर भरधाव फिरणाऱ्या गोल दगडाखालून तो पुढेमागे सरकवत केसभर केसभर घासून सपाट करायचा, एवढाच त्याचा उद्योग. अंबडच्या एका कारखान्यात साडूंनी जन्मभर हेच केलं, तरी हौस फिटली नाही. कुठलंसं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा तिथलं जुनं यंत्र त्यांनी उचललं आणि गॅरेजमध्ये त्याची प्रतिष्ठापना केली. गाडी तेव्हापासून रस्त्यावर उन्हात उभी असते.

ते आणलं त्या रविवारी मला मदतीला बोलावलं होतं. क्रेनने फाटकात उतरवून झालं होतं, गॅरेज तिथून फार तर वीस फूट. साडूंनी आधी दगड काढून गोधडीत गुंडाळला आणि मेहुणीच्या साड्यांच्या कपाटात नेऊन ठेवला. मग यंत्राचं डोकं खाली आणून त्याला लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला, सरकणारा पाट दोराने बांधला, बुडाखाली लोखंडी पाइप सारले आणि पहारीने वीतभर ढकललं. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढे घालायचा, थांबायचं, पाणी प्यायचं, पुन्हा वीतभर. लग्नाच्या वराती याहून झपाझप सरकतात. कंटाळून मी वरच्या बाजूने रेटा द्यायला गेलो, तर माझा हात धरून म्हणाले, "डोक्याला हात नका लावू, साडू. लय जड हाय ते. कललं तर आपल्याला सांगून नाय पडणार." साडू मूळचे निफाडकडचे, भीतीसुद्धा अशी सावकाश बोलून दाखवतात. वीस फुटांना सबंध रविवार गेला.

यंत्र बसल्यावर तर भित्रेपणाला घरच मिळालं. गॅरेजमध्ये जाताना अंगठी काढा, घड्याळ काढा, बाह्या वर करा, मनगटावरचा देवाचा दोरा असेल तर तोही सोडा. मेहुणीच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, म्हणून तिला आत मज्जाव. ती बिचारी चहा खिडकीतून देते. यंत्र सुरू केलं की सगळ्यांनी बाजूला सरून मिनिटभर मुकाट उभं राहायचं, दगडासमोर कुणीही नाही. नवा दगड बसवण्याआधी तो बोटावर लटकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टकटक वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. खणखणला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा आहे आणि फिरताना तो फुटून अंगावर येणार. मी पोस्टात आयुष्यभर शिक्के मारले, पण शाईच्या डबीला कधी कान लावला नाही. हे मी चारचौघांत अनेकदा बोललो आहे आणि लोक हसले आहेत.

यंदा खंडेनवमीला त्यांनी यंत्राची पूजा घातली. हळदीकुंकू वाहायला दगडावरचं झाकण उघडलं होतं. थोरले म्हणून नारळाचा मान मला. "बाहेर पायरीवर फोडा," साडू म्हणाले. आता हे अतीच झालं. मी म्हटलं, यंत्राचा नारळ यंत्रावरच फोडतात, आणि बैठकीवर आपटायला हात उगारला. घाम होता, हळदीचं पाणी होतं. नारळ निसटला आणि थेट दगडावर बसला. साडू तेव्हा पाठमोरे, उदबत्ती लावत होते. मी नारळ उचलला, निमूट पायरीवर फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे करत बसलो.

मुहूर्त म्हणून साडूंनी झाकण लावलं आणि बटणाकडे हात नेला. आज दगड काढून वाजवणार नव्हते. सांगितलं तर वर्षभराची माझी टिंगल माझ्याच गळ्यात येणार होती. न सांगितलं तर त्यांचा चेहरा त्या दगडापासून हातभर अंतरावर होता. बोट बटणावर टेकलं तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "थांबा. नारळ दगडाला लागलाय."

"माहितीये," साडू म्हणाले. "आवाज आला ना. मेन स्विच पाडून ठेवलाय मी."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. त्यांनी दगड काढला, पुसला, बोटावर लटकवून वाजवला. बद्द. माझ्यासारख्या पोस्टातल्या माणसालाही कळलं. मग हातोडीने त्याचे तुकडे केले, चुकून कुणी पुन्हा बसवू नये म्हणून.

"मी कंपनीत नवीन होतो," तुकडे गोळा करताना ते म्हणाले. "दगड पडला माझ्या हातून. कुणी बघितलं नव्हतं. उचलला न् ठेवला रॅकवर. दुसऱ्या पाळीला माझ्या दोस्तानं तोच बसवला. त्याचा डोळा गेला."

"त्यांना माहीत आहे?"

"नाय. दर दसऱ्याला येतो सोनं द्यायला. मिठी मारतो. दरवर्षी ठरवतो मी सांगायचं."

खिडकीतून मेहुणीने चहाचे कप पुढे केले. साडूंनी एक माझ्या हातात दिला, पण स्वतःचा तसाच धरून उभे राहिले.

"तुमच्या तोंडून निघालं तरी," ते म्हणाले. "उद्या याल का, साडू? तो अकराच्या सुमाराला येतो. तुम्ही नुसते शेजारी बसा."

मी येतो म्हणालो.