दीर्घिकेचे झोत आणि दादाचं मशीन

मी ज्या दीर्घिकांवर काम करते त्यांच्या केंद्रात एक भलंमोठं कृष्णविवर असतं. त्याच्या दोन बाजूंनी प्रचंड झोत निघतात. त्या झोतांत कण इतके वेगवान कसे होतात, हा माझा विषय. नाशिकच्या कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी कॉम्प्युटरवर त्याचीच गणितं चालवते. घरात याबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं. थोरल्या भावाने विचारलं, तेही त्याच्या मेंदूत गाठ निघाल्यावर.

दादा पिंपळगावला राहायचा. पॅकहाऊसमधली द्राक्षं टेम्पोने पोचवायचा त्याचा धंदा. ऑपरेशनमध्ये सगळी गाठ निघाली नाही, म्हणून नाशिकला रेडिएशन सुरू केलं. तो आणि वहिनी सकाळीच यायचे. कॉलेजला जाण्याआधी मीही हॉस्पिटलात जाऊन बसायचे.

पहिल्या दिवशी तो आतून आला तेव्हा कपाळावर चौकोन उमटले होते. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा घट्ट बसवतात, त्याचे वळ.

"आत कण पळवतात म्हणे," तो म्हणाला. "तू पण तेच करते ना?"

"मी नाही पळवत, दादा. लांब आकाशात ते आपोआप पळतात, त्याचा अभ्यास करते."

"आपोआप कसे? इंजिन नाय का?"

मग मी सांगितलं. झोतात धक्क्याची एक लाट असते. कण तिच्या पलीकडे जातो, तिथलं चुंबकीय क्षेत्र त्याला वळवून अलीकडे आणतं, पुन्हा पलीकडे. दर खेपेला थोडी ऊर्जा मिळते.

"सगळ्यांनाच?"

"नाही. बरेचसे वाहून जातात. फार थोडे टिकतात, त्यांचाच वेग भयंकर वाढतो."

"लय वाईट धंदा हाय हा," तो म्हणाला, आणि वहिनी हसली. त्या महिन्यांत तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्यानंतर तो रोज काहीतरी विचारायचा. एकदा बाकावर बसल्या बसल्या त्याने माझा हात धरला.

"तुला एवढं कळतं. मग सांग, माझी गाठ जाईल का?"

मशीनमध्ये इलेक्ट्रॉन वेगाने धातूवर आदळतात, त्यातून क्ष-किरण निघतात, ते पेशींना इजा करतात, एवढं मला नीट ठाऊक होतं. त्याच्या गाठीतल्या पेशी मरतील की नाही, ते ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरांना विचारू," मी म्हणाले.

"म्हंजे तुला पण नाय माहीत." त्याने हात सोडला.

उपचार संपले. नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आता रेडिएशन देता येणार नाही, औषधांनीही फार फरक पडणार नाही. वहिनी माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्ही म्हणायच्या ना, तिकडं आभाळात याच्याहून लय मोठी ताकद हाय. तसलं काही इकडं नाय का आणता येत?"

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्यासोबत गाडीतून पिंपळगावला जाताना द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. दादा खिडकीला डोकं टेकून झोपला होता, आणि वहिनी त्याच्या कानटोपीची नाडी उगाच बांधत-सोडत होती.

पुढे त्याचे शब्द गेले. आधी वस्तूंची नावं, मग आमची. त्याच सुमारास माझा शोधनिबंध स्वीकारला गेला. खाटेशी बसून मी त्याला ते सांगितलं. पाहुण्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं आणि थोडं सरकून मला जागा करून दिली.

थंडी संपायच्या आत तो गेला.

माझी गणितं चालू आहेत. उत्तरं जुळतात. जुळली की पूर्वी मी वर्गातल्या पोरांना बोलावून दाखवायचे. आता फाईल बंद करते. कधी दुपारी वहिनीचा फोन येतो. जेवलात का, एवढंच ती विचारते. मी हो म्हणते. मग दोघींपैकी कुणीच लवकर फोन ठेवत नाही.